पऱ्याचा खर्च कुणाच्या खिशातून?

पत्र असं आहे:

ताई, सप्रेम नमस्कार. चिपळूणमधल्या आमच्या आळीच्या मागून एक पऱ्या, म्हणजे ओढा, वाहतो. २२ जुलै २०२१ च्या पुरात तो आणि वाशिष्ठी नदी एक झाली, घराघरांत छातीभर पाणी होतं. नंतर गाळ काढता काढता आम्ही वीसबावीस जण एकत्र आलो आणि दर रविवारी पऱ्या साफ करायचा नेमच पडला. आता रविवारी सात-आठ डोकी येतात. वर्षाला साठ हजारांच्या घरात खर्च होतो, तो आम्ही चौघे-पाच जण खिशातून करतो. मी खजिनदार, म्हणजे वही माझ्याकडे. यंदा तीन ठिकाणांहून पैशाचा विषय आलाय. लोट्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीचे साहेब सीएसआरमधून, म्हणजे कंपनीच्या सामाजिक कामाच्या पैशातून, आठ लाख देतो म्हणाले. पण संस्था नोंदवलेली हवी आणि पऱ्यावर कंपनीचा बोर्ड हवा. प्रभागातले एक पुढारी आमदार निधीतून पऱ्याला दोन्ही बाजूंनी काँक्रीटची भिंत बांधून देतो म्हणतात. आणि माझा धाकटा भाऊ कुवेतला असतो, तो म्हणतो, मी नि माझे मित्र मिळून पाठवतो. इकडे आमचे जुने सभासद म्हणतात, पैसा आला की मंडळ फुटतं. कुणाचं घ्यावं, कुणाचं नाही? सोबत वहीच्या दोन पानांचे फोटो पाठवतो. आळीत साधारण १४० घरं आहेत.
— वहीवाला, चिपळूण

वहीवाले भाऊ,

तुमच्या पत्रापेक्षा वहीच जास्त वेळ वाचली. बत्तीस वर्षं बँकेत खातेवह्या तपासल्या, ती खोड काही जात नाही. बेरीज बरोबर आहे, आणि जिथे खाडाखोड केलीत तिथे शेजारी सही केलीत, त्याबद्दल आधी शाबासकी घ्या. आता त्या पानांत मला काय दिसलं ते सांगते, कारण तिन्ही प्रश्न तिथूनच सुटायला लागतात.

टेम्पोच्या छत्तीस खेपा, १८,००० रुपये. जेसीबीचे चौदा तास, २२,४००. पोती, हातमोजे, फावडी, घमेली, ५,३५०. चहा-वडा, ४,२५०. आणि सगळ्यात खाली, बाकी सगळं पेनाने लिहिलेलं असताना फक्त पेन्सिलीने: 'आक्का, २६ सोमवार, ४०० प्रमाणे', १०,४००. एकूण ६०,४००.

पत्रात तुम्ही या आक्काचा शब्दाने उल्लेख केलेला नाही, म्हणून मुद्दाम फोन करून विचारलं. तुम्ही म्हणालात, रविवारी आम्ही जे बाहेर काढतो ते सोमवारी सकाळी चार तास बसून ती वेगळं करते. बाटल्या-पत्रा भंगारवाल्याला, उरलेलं घंटागाडीत. मग मी विचारलं, वर्षाचे सोमवार बावन्न, हिचे सव्वीसच कसे? तुमचं उत्तर मी इथे जसंच्या तसं लिहिते: "पैसे संपले की बोलवत नव्हतो. मग पोती काठावरच राहायची. पाऊस आला की परत पऱ्यात."

भाऊ, तुमचं घोडं अडलंय ते इथे. आठ लाख नसल्यामुळे पऱ्या घाण होत नाहीये, उरलेले सव्वीस सोमवार भरले नाहीत म्हणून होतोय. आणि गंमत अशी, की तुमच्याकडे चालत आलेल्या तीनांपैकी दोन प्रस्तावांत त्या सोमवारांसाठी एक पैसाही नाही. कंपनी बोर्ड लावेल, पुढारी भिंत बांधतील. कोनशिला बसते, फीत कापता येते, फोटो निघतो, अशा गोष्टीला पैसे देणारे या देशात पुष्कळ आहेत. दर सोमवारी उकिडवं बसून चिखलातली पिशवी वेगळी करणाऱ्या बाईच्या मजुरीला कोण देणार? तिथे फोटोच निघत नाही.

हे मी ऐकीव सांगत नाही. आमच्या गावात वीसेक वर्षांपूर्वी आम्ही बायकांनी ओल्या कचऱ्याचं खत करायचा गट काढला होता. परसात खड्डे, वर नारळाच्या सोडणाचा भुगा, बरं चाललं होतं. एका देणगीदाराने (नाव नको) कचरा बारीक करायचं मशीन दिलं. नारळ फुटला, पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी कळलं की त्याला थ्री फेज वीज लागते. मीटर कुणाच्या नावाने घ्यायचा यावर दोन महिने गेले. मीटर आला, तर मशीन चालवायला माणूस नाही. माणूस ठेवला, तर त्याचा पगार द्यायला पैसे नाहीत. देणगीच्या पत्रात 'फक्त यंत्रसामग्रीसाठी' असं लिहिलेलं. खाऱ्या हवेने वर्षभरात पातं गंजलं. दुःख मशीनचं नाही. मशीन आल्यावर बायकांनी खड्डे बुजवून टाकले होते, आणि ते परत कुणी खणले नाहीत. शेवटचं पाहिलं तेव्हा मशीनच्या तोंडात कोंबडी अंड्यावर बसली होती.

तेव्हा पैसे कुठून आणायचे हे नंतर. आधी खर्चातलं काय तुमचं नाहीच ते काढून टाका.

टेम्पोचे अठरा हजार आणि जेसीबीचे साडेबावीस हजार तुम्ही का भरता? पावसाळ्यापूर्वीची नालेसफाई आणि कचरा उचलणं हे नगरपरिषदेचं काम आहे. घरपट्टीत तुम्ही त्याचे पैसे एकदा भरलेत, आता खिशातून दुसऱ्यांदा भरताय. नगरपरिषदेकडेही यासाठी पैसा येतो. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी आपल्यासारख्या शहरांना जे अनुदान ठरवलं, त्यातला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छता या कामांनाच बांधून दिलेला होता. तो चौकाच्या सुशोभीकरणाला वळवता येत नव्हता. मुख्याधिकाऱ्यांना साधं पत्र द्या: आम्ही अमुक पऱ्यावर रविवारी काम करतो, सोमवारी अकरा वाजता गाडी पाठवा, आणि मे महिन्यात जेसीबी द्या. आवक-जावकचा शिक्का मारलेली प्रत घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

आणि एक नाजूक गोष्ट. त्याच पऱ्याची नालेसफाई कुणा ठेकेदाराच्या बिलात दाखवलेली नाही ना, हे बघा. असेलच असं मी म्हणत नाही. पण तुम्ही फुकट साफ करायचं आणि कागदावर दुसऱ्याने, असं होऊ नये म्हणून माहितीच्या अधिकारात कार्यादेश (काम दिल्याचा कागद) आणि मोजमाप पुस्तिका (झालेल्या कामाची नोंद) यांची प्रत मागा. अर्जाला १० रुपये लागतात. मुख्याधिकाऱ्यांना पत्र आधी, माहिती अधिकार नंतर, हा क्रम मात्र सांभाळा. पहिल्याच भेटीत दंड थोपटले तर गाडी येणार नाही.

मागितल्याशिवाय मिळत नाही हे तुम्हा चिपळूणकरांना मी काय सांगणार? पुरानंतर वाशिष्ठीतला गाळ काढा म्हणून बचाव समितीची माणसं त्याच हिवाळ्यात साखळी उपोषणाला बसली होती, आणि मग सरकारी यंत्रणा नदीत उतरली. तेवढा गाळ वर्गणी काढून कुठल्या मंडळाला काढता आला असता? मोठा पैसा सरकारचाच. आपण तो बाहेर काढायचा आणि तो कुठे खर्च होतो त्यावर डोळा ठेवायचा.

हे दोन खर्च वजा केले की वही कशी दिसते बघा. आक्काचे बावन्न सोमवार, आणि मजुरी ४०० वरून ५०० करा, म्हणजे २६,०००. पोती-हातमोजे तेवढेच, चहा-वडाही तेवढाच. (चहा-वड्यावर काट मारायचा विचार तुमच्या मनात येईल, पानावर तिथे प्रश्नचिन्ह दिसतंय. नका मारू. वडा बंद झालेल्या रविवारी किती जण येतात ते करून बघायची गरज नाही.) झाले ३५,६००. गमबूट आणि किरकोळ धरून चाळीस हजार म्हणा.

१४० घरं, महिन्याला ५० रुपये, वर्षाचे ८४,००० होतात. सगळी घरं देणार नाहीत. निम्म्यांनी दिले तरी ४२,०००. काम भागलं.

तुम्ही म्हणाल, ताई, लोक देत नाहीत. देतात हो. शिमग्यात पालखी दारात येते तेव्हा कुठलं घर हात आखडतं? गणपतीला मुंबईहून येणारे चाकरमानी मंडळाची पावती फाडल्याशिवाय परत जातात का? आपल्या कोकणात वर्गणी ही लाज वाटायची गोष्ट कधीच नव्हती. गावकीच्या बैठकीत हिशोब मोठ्याने वाचला जातो आणि पाच रुपयांचा फरक आला तरी म्हातारे काठी आपटतात. ही शिस्त आपल्याकडे तयार आहे, फक्त पऱ्यासाठी आपण ती कधी वापरली नाही. पण उत्सवाच्या पैशात हे पैसे मिसळू नका. वेगळं पावती पुस्तक, वेगळी वही. आणि पावतीवर 'पर्यावरण निधी' वगैरे छापू नका. 'सोमवारची मजुरी' असं छापा. ५० रुपये कशाला जातात हे ज्याला कळतं, तो पुढच्या महिन्यात स्वतःहून देतो.

पुण्यात 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था आहे. २००८ पासून महापालिकेशी करार करून तिच्या सभासद घरोघरचा कचरा गोळा करतात, आणि घरं महिन्याचे पैसे थेट त्यांच्या हातात देतात. मोठ्या शहराचं सगळंच आपल्याला लागू पडत नाही, पण कचरा करणाऱ्याने तो उचलणाऱ्या हाताला पैसे द्यायचे, मधे कुणी नाही, एवढं तर आपण घेऊ शकतो. आपल्या बाजूचंच बघायचं तर समुद्रकाठचं वेळास गाव आहे. तुमच्याच चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये तिथे कासवांची अंडी राखायला सुरुवात केली. २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला. पिल्लं समुद्रात जाताना बघायला माणसं येऊ लागली, ती गावातल्या घरांत राहतात, जेवतात, आणि पैसा त्या घरांत राहतो. कासव राखण्यात गावाला दोन पैसे दिसले, म्हणून ते काम टिकलं. वेंगुर्ल्यात मांडवी खाडीत स्वामिनी महिला बचत गटाच्या बायका होडीतून कांदळवनाची सफर घडवतात, तेही तसंच. आता तुमच्या पऱ्यात सफरीला कुणी येणार नाही हे मला कळतं. पण राज्य सरकारच्या कांदळवन उपजीविका योजनेत सरकार गटांना ९० टक्के देतं आणि १० टक्के गटाला स्वतःचे घालावे लागतात, ते कशासाठी असेल याचा विचार करा. स्वतःचे दहा रुपये अडकलेले असले की माणूस होडी भिजत ठेवत नाही.

आता कंपनीचे आठ लाख.

पहिली गोष्ट, साहेब उपकार करत नाहीयेत. ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यांपैकी एकही आकडा गाठतो, तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करणं २०१३ च्या कंपनी कायद्याने बंधनकारक आहे. आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावं असंही त्यात आहे. तेव्हा हात जोडून उभं राहायचं कारण नाही.

दुसरी गोष्ट, हे पैसे यंदा तुम्हाला मिळणारच नाहीत. सीएसआरचं काम करणाऱ्या बाहेरच्या संस्थेला आधी सीएसआर-१ हा फॉर्म भरून नोंदणी करावी लागते, आयकर खात्याची करसवलतीची नोंदणी (जुन्या आयकर कायद्यातली १२ए आणि ८०जी) लागते, आणि तशाच कामाचा तीन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. काल नोंदवलेल्या संस्थेला आज आठ लाख, असं कायद्यात बसत नाही. साहेबांना हे माहीत असणार. मग ते एखाद्या मोठ्या संस्थेमार्फत पैसे वळवतील, आणि हिशोब त्या संस्थेचा, बोर्ड कंपनीचा, चिखल तुमचा.

तिसरी गोष्ट मला जास्त टोचते. तुमचा पऱ्या वाशिष्ठीला मिळतो, वाशिष्ठी दाभोळच्या खाडीला. त्या खाडीत भोई समाजाची माणसं पिढ्यान्‌पिढ्या मासे धरत आली, आणि लोट्याच्या रासायनिक सांडपाण्याबद्दल त्यांची तक्रार आजची नाही. तुम्हाला आठ लाख देणारी कंपनी त्यात आहे की नाही, मला ठाऊक नाही, तुम्हालाही नसेल. मग आधी ते ठाऊक करून घ्या. प्रदूषण नियंत्रण मंडळाने त्या कंपनीला कधी नोटीस दिली होती का, हे विचारता येतं. खालच्या अंगाला राहणाऱ्या दोन-चार भोयांना जाऊन भेटणं त्याहून सोपं. ते चहा पाजतील आणि सगळं सांगतील. उद्या खाडीत मासे मेले आणि तुमच्या पऱ्यावर त्या कंपनीचा निळा-हिरवा बोर्ड असला, तर तुम्ही काय बोलणार? बोर्डाखाली उभं राहून बोलायला जीभ रेटत नाही, भाऊ. माझं मत विचाराल तर यंदा नाही म्हणा, नम्रपणे, लेखी. कंपनी स्वच्छ निघाली तर दोन वर्षांनी, वर्गणीची वही दाखवून, तुमच्या अटीवर घ्या. पैसे कचरा वेगळा करायच्या शेडला, बोर्ड नाही.

भिंतीचं थोडक्यात. लोकप्रतिनिधींच्या निधीतून टिकाऊ बांधकामं होतात, रोजची मजुरी होत नाही. त्यामुळे तुमची गरज तिथून भागणार नाही हे उघड आहे. पण भिंत नुसती निरुपयोगी असती तरी चाललं असतं. दोन्ही बाजूंनी काँक्रीट घातलं की पऱ्या अरुंद होतो, पाणी मुरायचं कमी होतं, काठाची झाडं जातात, आणि वरून आलेला लोंढा खालच्या आळीत जास्त जोराने शिरतो. तुम्हाला हव्यात दोन गोष्टी: मोठं गटार पऱ्याला मिळतं तिथे उचलून काढता येईल अशी लोखंडी जाळी, आणि पत्र्याची एक शेड, जिथे आक्का पावसातही बसून वेगळं करू शकेल. पुढाऱ्यांना म्हणा, भिंतीऐवजी ही शेड द्या, उद्घाटनाला हार आम्ही आणतो. खर्च इतका कमी आहे की त्यांना रस वाटेल का, शंका आहे. विचारायला काय जातं?

कुवेतच्या भावाकडे मात्र नीट बघा, इथे भलीभली मंडळं फसलीत. भावाचा पासपोर्ट भारतीय असेल तर तो अनिवासी असला तरी त्याने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेली देणगी 'परकीय योगदान' ठरत नाही. पण त्याचे मित्र? त्यांतल्या एकाचा पासपोर्ट ब्रिटिश असेल, मूळ गाव गुहागर का असेना, तर त्याचा पैसा परकीय. तो घ्यायचा तर २०१० च्या परकीय योगदान नियमन कायद्याखाली नोंदणी हवी, आणि त्यासाठी संस्था तीन वर्षं जुनी असावी लागते, तीन वर्षांत कामावर १५ लाख खर्च केलेले दाखवावे लागतात. तुमचा वर्षाचा खर्च साठ हजार! तेव्हा मित्रांचे पैसे भावाने गोळा करून आपल्या नावाने पाठवणं हा 'जुगाड' अजिबात करू नका. पैसा कुणाचा हे महत्त्वाचं, कुणाच्या खात्यातून आला हे नाही. भावाने फक्त आपले स्वतःचे द्यावेत, तेही तुमच्या वडिलांच्या घराची वर्षाची वर्गणी म्हणून ६०० रुपये. फार वाटत असेल तर गमबूट घेऊन द्यावेत.

संस्था नोंदवायची का? आज नाही, पण वर्गणी सुरू करणार असाल तर एक पायरी लगेच चढा. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१क प्रमाणे धर्मादाय कामासाठी लोकांकडून पैसे गोळा करताना धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यायची असते. गणेशोत्सव मंडळं दरवर्षी घेतात तीच. तुमच्या आळीच्या मंडळातल्या कुणाला तरी तो अर्ज तोंडपाठ असेल. वर्षभर वर्गणी नियमित आली, की मग सात माणसं गोळा करून १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि धर्मादाय आयुक्तांकडे, अशी दोन्हीकडे नोंदणी करा. ती झाल्यावर दरवर्षी लेखापरीक्षण आलं, पदाधिकारी बदलला की बदल अर्ज आला, पॅन आलं. हा सगळा व्याप चाळीस हजारांच्या कामासाठी आज कशाला? आणि ८०जीच्या करसवलतीचं फार आकर्षण धरू नका. ती सवलत जुनी कररचना निवडणाऱ्या देणगीदारालाच मिळते, नि २,००० च्या वरची रोख देणगी तिच्यात बसत नाही. ५० रुपये देणाऱ्या काकूंना तिचा काय उपयोग?

तोवर पैसे बँकेत ठेवायचे कसे? तिघांच्या नावे संयुक्त बचत खातं काढा, दोन सह्यांशिवाय पैसे निघणार नाहीत असं. तुम्ही, एखाद्या शिक्षिका बाई, आणि आळीत ज्यांच्याशी तुमचं फारसं पटत नाही असे एक गृहस्थ. हसू नका. नोकरीत मी मंडळांची जी भांडणं टेबलावर येताना पाहिली, त्यांतल्या बहुतेक खात्यांवर एकाच माणसाची सही चालायची, आणि तो माणूस बऱ्याचदा प्रामाणिकच असायचा. जुने सभासद म्हणतात पैसा आला की मंडळ फुटतं. त्यांना सांगा, पहिल्या तारखेला गेल्या महिन्याचा जमाखर्च नाक्यावरच्या वाण्याच्या दुकानाबाहेर फळ्यावर खडूने लिहीन. समितीतल्या कुणाचा टेम्पो, कुणाच्या मेहुण्याचा जेसीबी भाड्याने घ्यायचा नाही, हेही त्याच फळ्यावर वर लिहून टाका. आणि दोन वर्षांनी खजिनदार बदला. तुम्हालासुद्धा.

आता आक्का. जुलै-ऑगस्टात कुणीही पऱ्यात उतरू नका, तिला तर नाहीच. कोकणात पावसात लेप्टोचा ताप दरवर्षी डोकं वर काढतो, आणि पायाला जखम असताना उंदरांच्या लघवीच्या पाण्यात उभं राहणं म्हणजे निमंत्रणच. काठावर, पत्र्याखाली बसून वेगळं करायचं काम चालू ठेवा. गुडघ्यापर्यंतचे गमबूट, जाड रबरी हातमोजे, धनुर्वाताचं इंजेक्शन, आणि ताप आला तर त्याच दिवशी सरकारी दवाखाना. सत्तरीच्या आतली असेल तर तिच्या बँक खात्यातून प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना सुरू करून द्या. वर्षाला २० रुपये, अपघाती २ लाखांचं संरक्षण. ते वीस रुपये मंडळाने भरावेत. भंगाराचे जे पैसे येतात ते वहीत कुठेच दिसले नाहीत. ते आक्का ठेवत असेल तर ठेवू दे, पण तसं वहीत लिहा, म्हणजे उद्या कुणी बोट दाखवणार नाही.

रविवारी पऱ्यात उतरण्याआधी एक तास पावती पुस्तक घेऊन दारोदार जा. पहिलं घर तुमचं, दुसरं त्या न पटणाऱ्या गृहस्थांचं. किती घरं झाली ते मला दिवाळीच्या आधी कळवा, वहीच्या पानाचा फोटो पाठवा.

आणि त्या पानावर आक्काची ओळ पेनाने लिहा. 'आक्का' नव्हे, पूर्ण नाव, आडनावासकट. दर सोमवारी वेगळं व्हाउचर, तारीख, रक्कम, आणि तिची सही. सही येत नसेल तर अंगठा, पण शाई तुम्ही पुसून द्या, चिंधी बरोबर ठेवा.